उकलता येणारी खुर्ची

जुनी वेताची खुर्ची दुरुस्तीला आली की जाणता कारागीर आधी ती उलटी करतो. बैठकीच्या चौकटीला खालून ओळीने भोकं असतील तर वेत हातानं विणलेला. भोकांऐवजी वरच्या बाजूला सलग खाच असेल, तर तयार जाळी आणून खाचेत ठोकून बसवलेली. मग स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा पायाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचा. तिथं चिकट लागलं तर पॉलिश लाखेचं. एवढं कळलं की कामाचा अंदाज येतो आणि मजुरीचाही.

मुंबई-पुण्यातली अशा दुरुस्तीची दुकानं बहुधा एकाच घरातली माणसं चालवतात. बाप पॉलिशवर, मुलगा कुशनवर, वेताचं काम येणारा एखादा काका. त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या खुर्च्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध घडणही एका घरच्याच कारखान्यातली आहे. मिखाएल थोनेट यानं १८५३ मध्ये व्हिएन्नातला आपला धंदा पाच मुलांच्या नावे केला आणि १८५९ मध्ये त्यांची १४ नंबरची खुर्ची बाजारात आली. बीच लाकडाच्या दांड्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या. वाकताना बाहेरची बाजू ताणानं फाटू नये म्हणून तिला लोखंडी पट्टी आवळायची. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही तशा खुर्च्या काढल्या, आणि मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या गोल बैठकीच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. स्क्रू सोडवता येतो, म्हणून मोडलेला एक पाय बदलून बाकीची खुर्ची वाचते.

वेताचंही तसंच. जुनी जाळी कापून काढायची, भोकं टोच्यानं साफ करायची. नवा वेत पाण्यात भिजवून, चकचकीत बाजू वर ठेवून ओवायचा. आधी उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि शेवटी दोन्ही दिशांनी तिरपे. तिरपा पदर योग्य बाजूनं गेला तरच तो सहज सरकतो. चुकला तर कडेला घासून वेत तुटतो. विणून झालेली जाळी वाळताना आपोआप ताणली जाते, त्यामुळे ओल्या वेताला फार आवळायचं नसतं. हे सगळं बोटांना कळतं. सरकारी कार्यालयांतल्या खुर्च्या विणण्याचं काम कित्येक वर्षं अंध कारागीर करत आले, ते त्यामुळेच.

पॉलिशची लाख येते पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून, मुख्यतः झारखंड-छत्तीसगडकडून. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये तिच्यावर संशोधन करणारी संस्था निघाली. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात गुंडाळून त्यात भिजवायचा, आणि बोळा अडकू नये म्हणून त्याला जवसाच्या तेलाचा थेंब लावायचा. मग गोल-गोल हात फिरवत पातळ थरांवर थर. बोळा एका जागी क्षणभर जरी थांबला, तरी खालचा थर उचलला जातो.

या पॉलिशला दोष आहेत. गरम कपाचं पांढरं वर्तुळ उमटतं, सांडलेली दारू ते खाऊन टाकते. तरीही दुरुस्तीच्या दृष्टीनं त्याला तोड नाही, कारण नव्या थरातलं स्पिरिट जुना थर सैल करतं आणि दोन्ही एकजीव होतात. टेबलावरचा चरा तेवढ्यापुरता भरता येतो. पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, थर कडक, देखणा आणि पाण्याला दाद न देणारा. पण चरा खोल गेला की बहुतेक वेळा अख्खा पृष्ठभाग घासून काढावा लागतो. भुशाच्या बोर्डाचं फर्निचर तर पाण्यानं एकदा फुगलं की कारागिराकडे नेण्यात अर्थच नसतो. जुनं सागवान भंगारात देण्याआधी घरातल्यांनी हा फरक जरूर लक्षात घ्यावा.

कुशनचं काम मात्र उकलल्याशिवाय कळत नाही. रेक्झिन काढलं की खाली जुनं कापड, त्याखाली काथ्या, गोणपाट, मग सुतळीनं बांधलेल्या स्प्रिंगा. पुष्कळदा स्प्रिंगा धड असतात, सुतळीच तुटलेली असते.

गणपतीच्या तोंडावर दुकानात गर्दी होते. कुशन आणि वेताचं काम तेव्हाही घेतात. लाखेचं पॉलिश मात्र दमट हवेत ओल धरून पांढुरकं पडतं, म्हणून जुना कारागीर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, ‘पॉलिशला दसऱ्यानंतर या.’