फिरत्या घरातून थिबा राजाच्या दारी
यवतमाळ (प्रतिनिधी) : विदर्भातील माणसाला समुद्र दूरचा. मात्र यवतमाळवरून जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग न सोडता धरून ठेवला, तर तो थेट अरबी समुद्राच्या काठी नेऊन सोडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आर्णी, महागाव, उमरखेड ओलांडून नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि शेवटी आंबा घाट असा हा सुमारे आठशे किलोमीटरचा पल्ला आहे. एखाद्या दाम्पत्याने तो ‘कॅरॅव्हॅन’मधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, करायचे ठरविले तर काय पाहावे आणि कोणती काळजी घ्यावी?

कॅरॅव्हॅन म्हणजे काय?

कॅरॅव्हॅन दोन प्रकारची असते. एकीत गाडीचे इंजिन आणि राहण्याची जागा एकत्र असते, तर दुसरी मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावी लागते. आत झोपण्याची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी आणि बहुधा शौचालय असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले. वाहनांची आणि ‘कॅरॅव्हॅन पार्क’ची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी व्हावी, अशी त्यात तरतूद आहे. पार्क म्हणजे गाडी उभी करण्याची जागा एवढाच अर्थ नव्हे. पाणी भरणे, वीज जोडणे आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करणे, या तिन्ही गोष्टी जेथे होतात, तोच खरा पार्क. त्यामुळे मुक्काम ठरविताना या तीन सोयींची चौकशी दूरध्वनीवरून आधीच करून घेणे इष्ट.

दिवसाला अडीचशे ते तीनशे किलोमीटर धरल्यास तीन दिवसांत रत्नागिरी गाठता येते. आंबा घाट दिवसाउजेडीच उतरावा. वजनदार गाडी उतारावर केवळ ब्रेकच्या भरवशावर सोडली तर ब्रेक तापतात. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणे हाच उपाय. पावसाळ्यात घाटात दरडींचा धोका असतो. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

सकाळ टिळक आळीत

रत्नागिरीच्या जुन्या वस्तीतील रस्ते अरुंद आहेत. मोठी गाडी मुक्कामी ठेवून रिक्षाने टिळक आळीत जावे. येथेच २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. उतरत्या छपराचे हे कोकणी घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. टिळकांचे निष्ठावंत अनुयायी लोकनायक बापूजी अणे हे वणीचे. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातून येणाऱ्याला हे घर परके वाटण्याचे कारण नाही.

याच घरात उभे असताना मंडालेची आठवण ठेवावी. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. ते तुरुंगात असतानाच, १९१२ मध्ये, पत्नी सत्यभामाबाईंचे निधन झाले. १९१४ मध्ये टिळक परतले, तेव्हा घरात त्या नव्हत्या.

दुपार थिबा राजवाड्यात

आता याची दुसरी बाजू पाहावी. रत्नागिरीचा हा सुपुत्र मंडालेत बंदिवान होता, त्याच वेळी मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान होता. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि पुढच्याच वर्षी राणी सुपयालत व मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवले. मायभूमीपासून तोडावे आणि प्रजेच्या नजरेआड ठेवावे, हा त्यामागचा हेतू. १८५७ नंतर बहादूरशहा जफर यांना रंगूनला धाडण्यामागेही हेच धोरण होते.

आज ‘थिबा पॅलेस’ म्हणून ओळखली जाणारी तीन मजली वास्तू १९१०-११ च्या सुमारास बांधून झाली. जांभ्या दगडाचे बांधकाम, उतरती छपरे आणि लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या ही तिची वैशिष्ट्ये. तिचा उपभोग राजाला जेमतेम सहा वर्षे मिळाला. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. राणी १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली. थोरली राजकन्या फाया जी मात्र पुन्हा रत्नागिरीत आली आणि १९४७ मध्ये हलाखीत निवर्तली. तिची मुलगी तुतू येथेच वाढली, मराठी बोलत रत्नागिरीकरच झाली.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन या समाधीवर येऊन गेले. राजवाडा पाहिल्यावर वाट थोडी वाकडी करून समाधीपाशीही जावे. वाड्यापेक्षा ती अधिक बोलते. राजवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. सुटीचा वार आधी विचारून घ्यावा, म्हणजे आठशे किलोमीटरवरून येऊन बंद दार पाहावे लागणार नाही.

सायंकाळ भाट्याच्या किनारी

राजवाड्याजवळच्या ‘थिबा पॉइंट’वरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूच्या बनालगतचा लांबच लांब भाट्ये किनारा लागतो. येथे दोन पथ्ये पाळावीत. गाडी वाळूत उतरवू नये. जड चाके रुततात आणि भरती कोणासाठी थांबत नाही. दुसरे, सांडपाण्याची टाकी खाडीत किंवा किनाऱ्यावर कदापि रिकामी करू नये. पर्यटक येतात आणि घाण टाकून जातात, ही तक्रार कोकणात जुनीच आहे. त्यात फिरत्या घरांची भर पडली, तर गावकरी उद्या जागाच देणार नाहीत आणि धोरण कागदावरच राहील.

कॅरॅव्हॅनचे खरे सुख म्हणजे हवे तेव्हा घर घेऊन निघता येणे. ज्या टेकडीवर एका राजाराणीला हेच स्वातंत्र्य नव्हते, तेथून उतरून समुद्रावर सूर्यास्त पाहणाऱ्या दाम्पत्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच महामार्गाने यवतमाळची वाट धरता येते. थिबाला मात्र परतीची वाट कधीच लाभली नाही.