बावीस अक्षरांची तपासणी

आधी मनात अर्थ तयार होतो, मग तो शब्दांत उतरवायचा, असा आपला समज असतो. कविता लिहिताना निदान माझं तरी असं होत नाही. काय होतं, ते अभंगाच्या साच्यात चांगलं दिसतं.

मोठ्या अभंगाच्या चौकात चार चरण. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. लघु-गुरूची भानगड नाही, जोडाक्षर एकच मोजायचं. गाताना अक्षर कमीजास्त चालतं. लिहिताना मी सूट घेत नाही. साचा जुना म्हणून विषय जुना असावा लागत नाही. मर्ढेकरांनी १९४७च्या 'काही कविता'त अभंगाचं वळण आपल्या काळाच्या अस्वस्थतेसाठी वापरलंच.

मला गावच्या बंद घरावर लिहायचं होतं. पहिला खर्डा असा:

गावच्या घराची / येते आठवण / ओलावते मन / क्षणोक्षणी

मोजून बघा, बरोबर आहे. पण हाती काय लागलं? काहीच नाही. 'आठवण' म्हटल्यावर 'मन' आणि 'क्षण' न बोलावता येतात. त्यांची जुनी ऊठबस आहे. मला आधीपासून ठाऊक होतं तेच मी बावीस अक्षरांत बसवलं होतं. (अशा कविता मी वर्षानुवर्षं लिहिल्या. काही छापूनही आल्या.)

म्हणून भावना बाजूला ठेवली आणि डोळ्यांसमोरची वस्तू घेतली. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये दाराशेजारच्या खिळ्यावर त्या घराची किल्ली असते.

किल्ली खिळ्यावर / टांगलेली आहे

आता 'आहे'ला यमक हवं. आधी 'पाहे' आलं, म्हणजे दार वाट पाहणार. नको, बंद घरावरच्या प्रत्येक कवितेत दार वाटच पाहतं. 'वाहे', 'साहे' बसेनात. 'राहे' उरलं:

आत कोण राहे / कुलपाच्या

हा प्रश्न मी विचारला नव्हता, यमकानं विचारला. पण विचारल्यावर टाळता येईना. आत कोणीच राहत नाही. भांडी केव्हाच वाटून झाली, कौलं सरकलीत. मग कुलूप कशाला?

चोर काय नेतो / रिकाम्या घरात

'घरात'शी 'वरात' जुळते, 'दारात' जुळतं. 'दारात' घेतलं आणि कुलूप घातलं तो दिवस आठवला. चुलतभाऊ पायरीशी उभा होता. काही बोलला नाही. 'भाऊ दारात' लिहिलं, मोजलं, पाचच भरली. एक अक्षर हवं होतं, म्हणून भरीला 'च' घातला:

भाऊच दारात / उभा होता

त्या 'च'वर मी बराच वेळ अडकलो. कुलूप चोरासाठी नव्हतंच. इतकी वर्षं मी त्याला घराची ओढ म्हणत होतो.

साच्याचं काम हे एवढंच. पहिला सुचलेला शब्द तो बसू देत नाही आणि दुसरा शोधायला लावतो. मुक्तछंदात हीच अडवणूक स्वतःच करावी लागते, ती जास्त कठीण. तिथे 'भाऊ दारात' तसंच राहिलं असतं आणि मला ते चाललंही असतं.

तिसऱ्या चौकात किल्लीचं काय करायचं ते यायला हवं. 'किल्ली त्याला द्यावी' इथपर्यंत सहा भरतात. पुढचं यमक अजून लागलेलं नाही.