आधी दार लावलं होतं का?

पुरुषांच्या गटात मी रागाबद्दल आधी विचारत नाही. मी विचारतो, “मारण्याआधी दार लावलं होतं का?” बरेच जण मान डोलावतात. मग हळूहळू बाकीचंही बाहेर येतं. टीव्हीचा आवाज वाढवला होता. पोरांना चुलत्याकडं धाडलं होतं. मार पाठीवर, दंडावर दिला. तोंडावर नाही, कारण सकाळी बायको पाण्याला जाणार, चार बायका बघणार. एवढं सगळं सांभाळलेला माणूस जेव्हा म्हणतो, “डोकं फिरलं होतं, काय केलं ते कळलंच नाही,” तेव्हा ते मला पटत नाही. आणि पटत नाही, हे मी त्याला सगळ्यांसमोर सांगतो.

सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत आम्ही असे गट चालवतो. कधी तालमीत बसतो, कधी दूध संस्थेच्या माडीवर. काही जण स्वतःहून येतात, काहींना भाऊ किंवा मित्र ओढून आणतो.

दारूचं कारण तर ठरलेलंच. दारूनं मार वाढतो, जखमा जास्त होतात, हे खरं आहे. व्यसनावर उपचार हवेतच. पण तोच झिंगलेला गडी वाटेत सरपंचांना रामराम घालतो, उधारी मागणाऱ्या दुकानदाराशी नरमाईनं बोलतो आणि घरी पोचल्यावर बायकोवर हात टाकतो. कुणाला मारलं तर खपेल, हे त्याला त्या अवस्थेतही ठाऊक असतं. आणि खपतंही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं की निदान एखाद्या कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे. बायकांमध्ये हे प्रमाण ४५ टक्के होतं. कारणं कसली? न सांगता बाहेर गेली, वाद घातला, स्वयंपाक नीट केला नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. ही यादी मी गटात वाचून दाखवतो तेव्हा कुणालाच ती परकी वाटत नाही.

म्हणून एकेका नवऱ्याला समजावून भागत नाही, त्याच्या भोवतीचे पुरुष बदलावे लागतात. महाराष्ट्रात हे ओळखणारे लोक फार आधी उभे राहिले. बायकोला मारणं चूक आहे असं मानणाऱ्या पुरुषांनी पुढं यावं, अशी जाहिरात पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी १९९१ मध्ये दिली. तिला २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’, ही संस्था निघाली. ‘मावा’चे हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी पुढं कॉलेजच्या मुलांमध्ये गेले, कारण लग्नाआधीच बोलायला हवं. मुंबईतल्या ‘परिवर्तन’ उपक्रमानं तर क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाच हाताशी धरलं. मला ही युक्ती फार आवडते. बापाचं न ऐकणारा पोरगा मैदानावरच्या सरांचं मात्र कान देऊन ऐकतो.

आता सगळ्यात अवघड भाग. माणूस बदलला, हे ठरवायचं कुणी? गटातल्या पुरुषांना बरोबर बोलायला फार वेळ लागत नाही. समानता, आदर, सगळं तोंडपाठ होतं. माझ्या लेखी त्याचं मोल शून्य आहे. ते बायकोनंच सांगायचं. तिची तयारी असेल तरच आमची एक सहकारी तिला वेगळी भेटते, आणि ती काय बोलली ते नवऱ्याच्या कानावर कधीच जात नाही. ती न घाबरता ‘नाही’ म्हणते का? बचत गटाचे पैसे स्वतःकडं ठेवते का? माहेरच्या फोनला त्याच्यासमोर मोकळेपणानं बोलते का? मारणं थांबलं पण मोबाइल तपासणं आणि मजुरी काढून घेणं चालू आहे, अशी घरं पुष्कळ सापडतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच आहे, हे त्या नवऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो.

“मी सुधारलो असं लिहून द्या, केसमध्ये लावतो,” अशी मागणीही येते. असं पत्र आम्ही कुणालाही देत नाही. गट म्हणजे तडजोडीची बैठक नव्हे. बायकोच्या जिवाला धोका असेल तर आधी तिला सुरक्षित जागा, ११२ वर फोन, संरक्षण अधिकारी. नवऱ्याशी संवाद त्यानंतर. ‘पोरगा गटात जातोय, आता नांदायला ये,’ असा दबाव सासरकडून आला तर आम्ही तिच्या बाजूनं उभे राहतो. महिला आश्रयगृहाचा पैसा कापून पुरुषांचे गट चालवायचे असतील, तर ते न चाललेले बरे.

खरोखर बदलू पाहणाऱ्यालाही सोपं नसतं. त्यानं भांडी घासली तर घरातच टोमणे, कट्ट्यावर ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’. एका नवविवाहित पोरानं गटात विचारलं, “आई तिला बोलायला लागली की मी काय म्हणू? गप्प बसलो तर तिला वाटतं मीही त्यातलाच.” कुणाकडंच तयार उत्तर नव्हतं. मग एकानं आईची भूमिका घेतली आणि त्याला बोलायला लावलं. पहिल्यांदा तो आईवरच ओरडला. दुसऱ्यांदा पुटपुटला. तिसऱ्यांदा म्हणाला, “आई, भाजीला मीठ जास्त झालंय, एवढंच झालंय. तिच्या माहेराचं नाव कशाला काढतेस?” पुढच्या बैठकीला बाकीच्यांनीही आपापल्या घरातली वाक्यं आणायची, असं ठरलं.