पाण्याखालचा कॅमेरा घेताय? आधी 'डबा' बघा!

मालवण-तारकर्लीला ग्रुपबरोबर गेला असाल, तर हा सीन तुमच्या ओळखीचा असेल. पाठीवर सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, पोटात गोळा. इन्स्ट्रक्टर हात धरून खाली नेतो आणि पाचव्या मिनिटाला भीती कुठच्या कुठे पळते. समोरून पट्ट्यापट्ट्यांचे मासे जातात. 'हे घरी दाखवायलाच हवं,' असं वाटतं. वर आल्यावर मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ मिळतो. त्यात तुम्ही अंगठा वर करून आजारी माणसासारखे हिरवट दिसताय आणि मासे तर गायबच!

मग डोक्यात किडा वळवळायला लागतो. स्वतःचा कॅमेरा घ्यायचा. डीएसएलआर आणि त्याचं वॉटरप्रूफ कवच यांचा विचारही नको, तेवढ्यात शिक्षणाची वर्षभराची फी निघेल. म्हणजे उरला खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. इथेच बहुतेक जण चुकतात. मेगापिक्सेल बघतात, झूम बघतात, ऑफर बघतात आणि कॅमेरा घरी आणतात. त्यानंतर शोध सुरू होतो तो 'हाउसिंग'चा, म्हणजे कॅमेरा ज्यात बंद करून पाण्यात न्यायचा त्या डब्याचा. आणि कळतं, की या मॉडेलचा डबा कोणी बनवतच नाही. झाला पोपट!

म्हणून पहिला नियम पाठ करून ठेवा: आधी डबा, मग कॅमेरा. पण त्याच्याही आधी पाणी समजून घ्या.

पाणी रंग खातं

पाण्यात उतरलं की सूर्यप्रकाशातले रंग एकेक करून गळायला लागतात. सगळ्यात आधी जातो लाल. साधारण पाच मीटरवर तो जवळपास संपतो. मग नारंगी, मग पिवळा. खाली उरतो निळा-हिरवा. तुमचा लाल टी-शर्ट दहा मीटरवर मळकट राखाडी दिसतो, त्यात बिचाऱ्या कॅमेऱ्याचा दोष नसतो.

यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. रंग फक्त खोलीमुळे जात नाहीत, प्रकाशानं पाण्यातून केलेल्या एकूण प्रवासामुळे जातात. तुम्ही पाच मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून दोन मीटर लांब, तर प्रकाशाचा प्रवास झाला सात मीटरचा. म्हणून पाण्याखाली झूम जवळजवळ निरुपयोगी. झूम केलं तरी मधलं पाणी तिथेच राहतं. जवळ जा, मग अजून जवळ जा. विषय एक मीटरच्या आत असेल तर फोटो जमतो. तेव्हा दुकानदार '३० एक्स झूम' सांगायला लागला, की हसून पुढे सरका.

त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. मॅन्युअल व्हाइट बॅलन्स पटकन सेट करता येतो का? रॉ फाइल मिळते का? (पाण्याखालचे रंग नंतर दुरुस्त करताना जेपीईजी फार लवकर हात टेकते.) आणि कॅमेरा किती जवळून फोकस करतो?

तुम्ही नक्की किती खोल जाणार?

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. दहा मीटरवर जमिनीच्या दुप्पट, वीसवर तिप्पट. त्यामुळे 'वॉटरप्रूफ' या शब्दाला एकट्याला काही अर्थ नाही, किती मीटरपर्यंत ते महत्त्वाचं.

स्नॉर्केलिंग करणार असाल तर तुम्ही पृष्ठभागापासून दोन-तीन मीटरच्या आतच असता. पहिल्यांदा इन्स्ट्रक्टरबरोबर करतात त्या डाइव्हची पॅडीची मर्यादा १२ मीटर. ओपन वॉटर कोर्स केलात तर १८ मीटर, ॲडव्हान्स्ड केलात तर ३०. हा आकडा आधी ठरवा. कारण १५ मीटरचा कॅमेरा स्नॉर्केलिंगला मस्त, पण ओपन वॉटरवाल्याला शेवटचे तीन मीटर महागात पडतील.

पर्याय कोणते?

मोबाइल आणि प्लास्टिकचा पाउच: बीचवर ठीक. आयपी६८ लिहिलेला फोन म्हणजे समुद्रात नेण्याचा परवाना नव्हे. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, पाण्यानं झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही आणि ओल्या काचेवर टचस्क्रीनही वेड्यासारखं वागतं.

ॲक्शन कॅमेरा: गोप्रोची अलीकडची मॉडेल्स डब्याशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, डब्यासह ६०. व्हिडिओ आणि दोस्तांचे क्लिप्स यासाठी भन्नाट. पण करंगळीएवढा जीव टिपायचा असेल तर फार जवळचं नीट फोकस होत नाही. तुमचं प्रेम व्हिडिओवर असेल तर इथेच थांबा, पुढचे पैसे वाचवा.

टफ कॉम्पॅक्ट: यातलं ओळखीचं नाव म्हणजे ऑलिंपसची टीजी मालिका. २०१९ चा टीजी-६ आणि ओएम सिस्टिम या नावानं २०२३ मध्ये आलेला टीजी-७. दोन्ही १२ मेगापिक्सेल, डब्याशिवाय १५ मीटर, रॉ फाइल, आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवरही फोकस. पीटी-०५९ हा एकच डबा दोघांनाही बसतो आणि ४५ मीटरपर्यंत नेतो. नवशिक्यासाठी सगळ्यात मोठा फायदा म्हणजे डब्यात पाणी शिरलंच, तरी आतला कॅमेरा स्वतः वॉटरप्रूफ असतो. एक चूक माफ! तोटा म्हणजे सेन्सर बारीक, उजेड कमी झाला की फोटोत दाणे दिसायला लागतात.

एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट आणि डबा: सोनीची आरएक्स१०० मालिका, कॅननचा जी७एक्स मार्क टू वगैरे. सेन्सरचं क्षेत्रफळ टीजीच्या सुमारे चौपट, म्हणजे फोटोचा दर्जा सरळसरळ वरचा. पण हे कॅमेरे पाण्याला अजिबात सोसत नाहीत. इथे डबा हाच तुमचा जीव की प्राण.

डबा निवडताना

डबा एका मॉडेलसाठी बनतो. नव्या आवृत्तीत एखादं बटण जरा सरकलं, की जुना डबा बाद. म्हणून बाजारात आजच आलेला कॅमेरा घेण्यापेक्षा एक पिढी जुना घ्या, ज्याचा डबा मिळतो आणि ज्याबद्दल लोकांनी लिहून ठेवलंय. लोक नवीन मॉडेलकडे वळले, की कॅमेरा आणि डबा जोडीनं सेकंडहँड विकतात. विद्यार्थ्यांसाठी ही चांगली संधी. फक्त आत मिठाचे पांढरे डाग, गंज किंवा भेगा आहेत का ते बघा.

प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिकार्बोनेटचे डबे स्वस्त, हलके आणि बरेचसे ४० ते ६० मीटरचे. ॲल्युमिनियमचे डबे १०० मीटरपर्यंत जातात, बटणं लोण्यासारखी चालतात, पण किंमत कॅमेऱ्याच्याही वर जाऊ शकते. पहिल्या डब्यासाठी प्लास्टिक बिनधास्त घ्या. मात्र तीन गोष्टी हातात घेऊनच तपासा.

एक, कॅमेऱ्याची सगळी बटणं आणि लेन्सभोवतीची रिंग बाहेरून फिरवता येते का? स्वस्त डब्यांत नेमकं हेच राहून जातं. दोन, पुढे लेन्सवर जोडभिंग लावायला आटे आहेत का? सपाट काचेतून पाण्यात बघितलं की वस्तू साधारण एक तृतीयांशानं मोठी, म्हणजे दीडपटीच्या जरा खाली दिसते आणि तुमची २४ मिलिमीटरची लेन्स साधारण ३२ सारखी वागते. दृश्य अरुंद होतं. पुढे कधी वाइड जोडभिंग लावलंत तर तो कोन परत मिळतो आणि हे भिंग पाण्यातच काढता-लावता येतं. तीन, रबरी ओ-रिंग सुटी मिळते का? नसेल मिळत, तर तो डबा घेऊच नका.

एका केसाची गोष्ट

ओ-रिंग म्हणजे डब्याच्या झाकणाला असलेली ती पातळ रबरी कडी. सगळा खेळ तिच्यावर. माझा पहिला कॅमेरा तारकर्लीतच बुडाला. सकाळची घाई, बोटवाले काका हाका मारतायत, मी वाळूवर बसून डबा बंद केला. सहा-सात मीटरवर स्क्रीनच्या खाली एक थेंब हलताना दिसला. आधी वाटलं बाहेरचा आहे. मग थेंबाचा घोट झाला आणि स्क्रीन काळी पडली. वर येऊन उघडलं तर ओ-रिंगवर आडवा पडलेला एकच केस. माझाच. वर्षभर ट्यूशन घेऊन साठवलेले पैसे त्या केसानं पाण्यात घातले, शब्दशः!

तेव्हापासून डबा मी आदल्या रात्री खोलीत, पंखा बंद करून लावतो. ओ-रिंग बोटांनी काढायची, टोकदार वस्तूनं नाही. मऊ कापडानं पुसायची, उजेडात धरून केस-वाळू बघायची, डब्याबरोबर आलेलं सिलिकॉन ग्रीस अगदी नावाला लावायचं. ग्रीस पाणी अडवत नाही, रबर मऊ ठेवतं. जास्त लावलंत तर कचराच चिकटेल. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर गार पाण्यात काचेवर आतून धुकं धरतं. नवा डबा पहिल्यांदा नेताना कॅमेरा घरी ठेवा, रिकामा डबा खाली नेऊन आणा. आत टिश्यू पेपर ठेवलात तर ओल लगेच कळते. आणि वर आल्यावर डबा न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, बटणं दाबत राहा, म्हणजे मीठ सुटतं.

फ्लॅशचं काय?

कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सला चिकटून असतो. तो मधल्या पाण्यातले कण उजळतो आणि फोटोत हिमवर्षाव होतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर नद्यांचा गाळ आणि प्लवक असतातच, त्यामुळे इथे हा त्रास जास्त. उपाय म्हणजे दांडीवर बाजूला लावलेला वेगळा फ्लॅश किंवा टॉर्च, ज्याचा उजेड तिरका पडतो. पण तो पहिल्याच दिवशी नको. आधी वरच्या पाच मीटरमध्ये, सूर्य पाठीशी घेऊन, फ्लॅश बंद करून शिका.

गढूळ पाण्याचा आणखी एक अर्थ: मालवण किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला विस्तीर्ण निळ्या दृश्यांच्या मागे लागू नका, ती अंदमानसाठी ठेवा. इथे बारीक जीव शोधा. आणि डाइव्हचे पैसे नसतील, तरी अडत नाही. मुंबईत जुहू किंवा हाजी अलीला मोठ्या ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत शंख नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी, खेकडे, समुद्रफुलं दिसतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी असे फेरफटके आयोजित करतात. टफ कॉम्पॅक्ट घोटाभर पाण्यात बुडवा, सराव फुकट!

फोटोपेक्षा मोठं काही

शेवटचं, पण खरं तर पहिलं. हातात कॅमेरा आला की माणूस शरीर विसरतो. पाय खाली जातात, फिन प्रवाळावर आपटते आणि कित्येक वर्षांची वाढ एका लाथेत मोडते. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाच्याच सूचीत, पहिल्या अनुसूचीत, स्थान आहे. म्हणून पाण्यात स्थिर तरंगता येत नाही तोवर कॅमेरा बोटीवर ठेवा. स्क्रीनकडे बघता बघता हवेचा काटा बघायचं राहून गेलं, तर धोका प्रवाळाला नाही, तुम्हालाच.

त्यामुळे पैशांचा क्रम असा लावा: आधी डायव्हिंगचा चांगला कोर्स, मग डबा मिळणारा कॅमेरा, मग सुट्या ओ-रिंग, आणि सगळ्यात शेवटी फ्लॅश. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. म्हणजे पैसे साठवायला आणि बादलीत डबा बुडवून सराव करायला तुमच्याकडे अख्खा पावसाळा आहे.

आणि हो, डबा बंद करण्यापूर्वी केस बांधायला विसरू नका!