सूक्ष्म अर्थशास्त्राचे ऑनलाइन अध्ययन आणि संधी खर्च

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमानुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ मंचावरून पूर्ण करता येतात. मुद्रित व्याख्यान आणखी एका विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून नोंदणी निःशुल्क ठेवणे शक्य होते. तथापि अध्ययन विनामूल्य ठरत नाही. भिवंडीनजीक पूर्णा येथील गोदामात काम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दोन तासांचा संधी खर्च म्हणजे गमावलेली मजुरी किंवा विश्रांती होय. शिवाय मागणी वक्रावरील हालचाल व वक्राचे स्थानांतर यांतील भेद आकृती स्वतः काढल्यानेच नीट उमगतो. ती तपासण्याचा खर्च मात्र प्रत्येक विद्यार्थ्यागणिक वाढतो. म्हणूनच अध्यापकाची गरज संपत नाही. त्याचे कार्य व्याख्यानाकडून शंकानिरसनाकडे वळते आणि त्यासाठी वेळापत्रकात तासिका राखून ठेवणे अगत्याचे ठरते.