नोकरीआधीची ड्रग टेस्ट: लघवी, श्वास की रक्त? कोणती टेस्ट नेमकं काय सांगते?

अकोला-अमरावतीकडच्या मुलांकडून मला सध्या एक प्रश्न सारखा येतो. "दादा, जॉइनिंगच्या मेडिकलमध्ये ड्रग टेस्ट आहे. रक्त घेतील का? परवा घेतलेलं खोकल्याचं औषध त्यात दिसेल का?" प्रश्न साधा वाटतो, पण इथं गफलत झाली तर हातची नोकरी जाऊ शकते. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

हे आपल्याकडे आलं कुठून?

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी प्रशिक्षण संस्था बेलोऱ्यात उभारणार, असं एअर इंडियानं २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे विमानक्षेत्रातली नोकरी आता आपल्या दाराशी आली आहे, आणि तिथं ड्रग टेस्ट सक्तीची आहे.

डीजीसीएचा हा नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. नोकरीवर घेण्याआधी टेस्ट, प्रशिक्षणार्थी वैमानिकाला प्रवेश देण्याआधी टेस्ट, आणि नंतरही दरवर्षी किमान १० टक्के फ्लाइट क्रू व हवाई वाहतूक नियंत्रकांची अचानक टेस्ट. गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अॅम्फेटामाइन, बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपाइन असे सहा गट तपासले जातात.

लघवीची टेस्ट: मागचे काही दिवस सांगते

नोकरीच्या ड्रग टेस्टमध्ये बहुतेक वेळा रक्त नाही, लघवीच घेतात. सुई लागत नाही, खर्च कमी येतो आणि पट्टीवर काही मिनिटांत उत्तर मिळतं.

ही पट्टी कोविड किटसारखीच दिसते, पण वाचायची उलटी! दोन रेघा आल्या तर निगेटिव्ह. टेस्टची रेघ आलीच नाही तर पॉझिटिव्ह. असं का? पट्टीवर त्या ड्रगचा अंश आधीच बसवलेला असतो आणि रंगीत अँटिबॉडी त्याला चिकटली की रेघ दिसते. लघवीत ड्रग असेल तर अँटिबॉडी आधीच त्यात गुंतते, मग रेघ उमटत नाही.

महत्त्वाचं म्हणजे लघवीत मुख्यतः ड्रगचं शरीरानं केलेलं रूपांतर सापडतं. गांजाचं हे रूपांतर चरबीत साठतं, त्यामुळे एखाद्या वेळी घेतला तर काही दिवस आणि रोजची सवय असेल तर काही आठवडेही दिसू शकतं. म्हणून पॉझिटिव्ह लघवीवरून 'हा माणूस आत्ता नशेत आहे' असं म्हणता येत नाही.

रक्ताची टेस्ट: 'आत्ता'चं सांगते

रक्तात मूळ पदार्थच मोजता येतो, आणि तो बहुधा काही तास ते एक-दोन दिवसच राहतो. म्हणून अपघात झाला किंवा कुणी ड्युटीवरच नशेत असल्याचा संशय आला, की रक्ताला महत्त्व येतं.

दारूचं उदाहरण घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर तो गुन्हा आहे. १०० मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल ताशी साधारण १५ मिलिग्रॅमनं कमी होतं. म्हणजे सकाळी घ्यायचं रक्त दुपारी घेतलं, तर आकडाच बदलतो.

श्वासाची टेस्ट: झटपट, पण पहिली चाळणी

ब्रेथ अॅनालायझर श्वासातल्या अल्कोहोलवरून रक्तातल्या प्रमाणाचा अंदाज बांधतो. तोंडात अल्कोहोलवालं माउथवॉश नुकतंच फिरवलं असेल तर आकडा फुगतो. २०२३ च्या सुधारित नियमात डीजीसीएनं विमान कर्मचाऱ्यांना अशा माउथवॉशचीही मनाई केली आहे. लक्षात ठेवा, हे यंत्र गांजा किंवा गोळ्या पकडत नाही.

खसखस, कफ सिरप आणि भांग

खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिनचा अंश असू शकतो. यामुळे अमेरिकेत १९९८ मध्ये अफूजन्य पदार्थांची मर्यादा ३०० वरून थेट २००० नॅनोग्रॅमवर नेली गेली. कोडीन असलेलं कफ सिरप आणि डॉक्टरांनी दिलेल्या काही झोपेच्या गोळ्याही टेस्टमध्ये दिसतात.

भांगेचा पेच वेगळा आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत, पण पट्टीला कायदा कळत नाही! शिवरात्रीची भांग आणि गांजा तिच्यासाठी एकच.

म्हणूनच पट्टीचं उत्तर अंतिम नसतं. पक्कं उत्तर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस यंत्र देतं. ते रेणू वेगळे करून त्यांच्या वजनावरून ओळखतं. डीजीसीएच्या नियमातही पट्टीवर संशय आला की ड्युटी थांबते, मग खात्रीची टेस्ट होते. ती पहिल्यांदा पॉझिटिव्ह आली तर आधी व्यसनमुक्तीसाठी पाठवतात.

नमुना कुठून कुठं गेला?

रक्त काढताना त्वचा स्पिरिटनं पुसायची नसते, नाहीतर अल्कोहोलचा आकडा बिघडू शकतो. नळीत सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे रक्त आंबून नवं अल्कोहोल तयार होत नाही. मग सील, लेबल, सही. पोलीस प्रकरणात नमुने सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. अशी एक प्रादेशिक प्रयोगशाळा अमरावतीतच आहे.

सील-सहीचं महत्त्व पुण्यातल्या १९ मे २०२४ च्या पोर्शे अपघातानं दाखवलं. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताऐवजी दुसऱ्याचंच रक्त पाठवलं, असा पोलिसांचा आरोप आहे. दुसरा नमुना घेऊन डीएनए जुळवला, तेव्हा हा प्रकार उघड झाला. यंत्र कितीही भारी असू द्या, नळी चुकीची असेल तर रिपोर्टला काडीची किंमत नाही.

टेस्टला जाताना हे करा

• घेत असलेल्या औषधांची यादी आणि प्रिस्क्रिप्शन आधीच दाखवा, रिपोर्ट आल्यावर नाही.
• संमतीपत्र वाचूनच सही करा. काय तपासणार आणि रिपोर्ट कोण पाहणार, ते विचारा.
• सील आणि लेबल तुमच्यासमोर लागू द्या. नाव-नंबर स्वतः तपासा.
• पट्टी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका. खात्रीची टेस्ट लेखी मागा.
• रिपोर्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.
• रील्समध्ये दिसणाऱ्या 'डिटॉक्स ड्रिंक'वर पैसे घालवू नका. लॅब नमुन्याचं तापमान आणि क्रिएटिनिनही पाहते, त्यामुळे पातळ केलेली लघवी लगेच कळते.

आणि 'रक्त घेतील का?' या प्रश्नाचं थेट उत्तर: जॉइनिंगच्या ड्रग टेस्टसाठी बहुधा लघवी. मेडिकलमध्ये शुगर-हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतलं, तर ती वेगळी तपासणी. त्यात ड्रग आपोआप तपासलं जात नाही.