एक सिलिंडर बंद आहे, बिल कशाचं करायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत बसून चालवायचा लॉन मोअर बघितलात. व्हिडिओत माझे हात दिसतात, पण कुठला पाना आधी उचलायचा आणि गिऱ्हाइकाशी पैशाचं कधी बोलायचं, हे त्यात नीट येत नाही. म्हणून हा लेख.

आपल्याकडे हे मशीन असतं ते गोल्फ कोर्सवर, रिसॉर्टमध्ये, मैदानांवर, मोठ्या कॅम्पसमध्ये. गिऱ्हाइकं थोडी, पण पावसाळ्यात गवत थांबत नाही, त्यामुळे मोअर बंद पडला की माणूस घायकुतीला आलेला असतो. मोठ्या मोअरला बहुतेक ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर किंवा कावासाकीचं व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन असतं. तक्रारही ठरलेली: "चालू होतंय, पण ताकद नाही. पाती लावली की मरतं." सायलेन्सरमधून फटफट आवाज आणि कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर एक सिलिंडर बंद असल्याचा संशय घ्यायचा. दुसऱ्याच्या जिवावर इंजिन चालतं म्हणून लोक आठवडाभर तसंच वापरतात. तिकडे न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरत असतं. डिपस्टिक काढून वास घ्या, कळेल.

आता इथेच पार्ट बदलायची घाई सुरू होते. प्लग बदल, कार्बोरेटर खोल, नवीन कॉइल मागव. थांबा. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक फार सोयीची गोष्ट असते: बिघडलेल्या सिलिंडरशेजारीच चांगला सिलिंडर बसलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा, दोघांत सामाईक काय आहे? पेट्रोलची टाकी, फिल्टर, पंप, बॅटरी, आणि एकाच बोअरचा असेल तर कार्बोरेटरसुद्धा. हे बिघडलं तर त्रास दोघांना होईल. एकच बंद असेल तर संशय ज्याच्या त्याच्या वेगळ्या वस्तूंवर: प्लग, कॉइल, कॉइलची किल वायर, व्हॉल्व्ह, पुशरॉड, हेड गॅस्केट, रिंगा. इनटेक मॅनिफोल्ड एका बाजूने हवा ओढत असेल तर तेही याच यादीत. अर्धं इंजिन न खोलताच बाजूला पडलं की नाही?

बंद सिलिंडर कुठला, हे अंदाजाने ठरवू नका. पार्किंग ब्रेक लावा, पाती बंद ठेवा, थंड इंजिन सुरू करा आणि दोन्ही एक्झॉस्ट पाइपांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. चकचकीत धातूवर आकडा अचूक येत नाही, पण आपल्याला फरक हवाय. जो थंड राहिला तो बंद. सीटवर बसल्यावर डावा-उजवा कुठला, ते खडूने लिहून ठेवा.

मग प्लग काढा. पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोचतंय, आग लागत नाहीये. कोरडा असेल तर इंधनच आत येत नाहीये. बहुतेक वेळा इनटेक व्हॉल्व्ह उघडत नसतो. प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर पलीकडे गेला तर काम तिथेच संपलं. नाही गेला तर स्पार्क टेस्टर लावून स्टार्टर मारा.

स्पार्क नाही म्हणजे कॉइल गेली, असं लगेच म्हणू नका. ही कॉइल फ्लायव्हीलच्या चुंबकावर चालते आणि इंजिन बंद करताना किल वायरमधून तिला अर्थ दिला जातो. ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर कॉइल कायमची बंदच राहते. दोन कॉइलच्या मधल्या डायोडमध्ये दोष असला तरी असंच होऊ शकतं. कॉइलपाशी किल वायर सोडा आणि पुन्हा स्टार्टर मारून बघा. स्पार्क आला तर कॉइल निर्दोष. (ही वायर सुटी ठेवून इंजिन चालू करू नका, चावीने बंद होणार नाही.) नाही आला, तर फ्लायव्हील आणि कॉइलमधली फट तपासा. ती साधारण 0.25 मिमी, म्हणजे एका व्हिजिटिंग कार्डाएवढी असते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. दोन्ही कॉइल एकाच पार्ट नंबरच्या असतील तर अदलाबदल करून बघा, आणि मगच नवीन मागवा.

स्पार्क चांगला आहे, तरी सिलिंडर बंद? मग व्हॉल्व्ह कव्हर खोला. हे लोक शेवटी करतात, मी कॉम्प्रेशन गेजच्या आधी करतो. चार बोल्ट आणि पाच मिनिटं. इंजिन हाताने फिरवा, दोन्ही व्हॉल्व्ह पुरते उघडतात का बघा. पुशरॉड वाकलेला किंवा जागेवरून निसटलेला असेल तर लगेच दिसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडत नसेल तर गेज कॉम्प्रेशन चांगलं दाखवू शकतं आणि तुम्ही नाहक फसता. पुशरॉड वाकला असेल तर का वाकला, तेही शोधा. व्हॉल्व्ह गाइड सरकलं असेल तर नवीन पुशरॉडही तसाच वाकेल.

कॉम्प्रेशन घेताना दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा. बऱ्याच इंजिनांना स्टार्टिंग सोपं व्हावं म्हणून कॉम्प्रेशन रिलीज असतो, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून दचकू नका. शेजारच्याशी तुलना करा. दोघांत 25 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर लीक-डाउन: पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि ऐकायचं. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा. पण हेड गॅस्केट पुशरॉडच्या बाजूला फुटलं तरी हवा तिथूनच येते. म्हणून रिंगांचा खर्च सांगण्याआधी हेड काढून गॅस्केट बघाच.

आता पैसे. आमच्या बॅचच्या एका मुलाकडे रिसॉर्टचा असाच मोअर आला. आधी एका ठिकाणी प्लग आणि कार्बोरेटर बदलून झाला होता, गिऱ्हाईक वैतागलेलं. याने दीड तासात शोधलं: इंजिनच्या कव्हरखाली डायोड आणि कॉइलच्या मधली किल वायर घासली होती. दुरुस्ती काय, तर दहा रुपयांची स्लीव्ह आणि एक क्लिप! त्याचा मला फोन, "दादा, याचं बिल किती लावू? दहा रुपयांच्या कामाचे हजार मागितले तर भांडतील."

भांडतील, जर हजाराची गोष्ट त्यांना शेवटी कळली तर. त्याने मशीन उतरवून घेतानाच सांगितलं होतं की तपासणीचे हजार रुपये, दोष निघो न निघो. दुरुस्ती वेगळी, आणि तीही विचारून. तरी त्याला मागायचा संकोच वाटत होता. आपल्यातल्या बऱ्याच जणांची हीच अडचण आहे. पार्टवर पैसे घ्यायला काही वाटत नाही, डोक्याचे घ्यायला जीभ अडखळते. मग काय होतं? तपासणी फुकट आणि कमाई पार्टवर, त्यामुळे नको तो पार्ट बदलण्याचा मोह होतो. आधीच्या दुकानात तेच झालं असणार.

मी त्याला जॉब कार्ड भरून द्यायला सांगितलं. डावा-उजवा असे दोन रकाने: प्लगची अवस्था, स्पार्क, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन. खाली घासलेल्या वायरचा फोटो. गिऱ्हाइकाने कार्ड वाचलं, एक-दोन प्रश्न विचारले आणि पैसे दिले. बिलात ऑइल आणि फिल्टरही होतं, कारण ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. ते जुनं ऑइल पांढऱ्या डब्यात काढून त्याने त्यांनाच हुंगायला दिलं.

मशीन परत देताना नुसतं चालू करून दाखवू नका. पाती लावून, उंच गवतात, गिऱ्हाइकाला सीटवर बसवून दहा मिनिटं चालवा. नंतर दोन्ही एक्झॉस्टवर पुन्हा थर्मामीटर धरा आणि ते आकडे कार्डावर लिहा.